घरातल्या अक्षरांचे वळण ताडून पाहताना

जुनी पत्रे, हिशेबाच्या वह्या किंवा सहीविना राहिलेली एखादी नोंद हाती लागली, की घरातले कोणीतरी ‘हे तर थेट आजोबांचे वळण’ असे म्हणते आणि तपास बहुधा तिथेच थांबतो. हा निवाडा वारंवार चुकतो, कारण कामाचा क्रम उलटा लागलेला असतो. साम्य आधी शोधले जाते आणि ते कशाने आले असेल हा प्रश्न नंतर विचारला जातो किंवा कधीच विचारला जात नाही. दोघांच्या अक्षरांत साम्य येण्याच्या निदान तीन वाटा आहेत. दोघांनी एकच कित्ता गिरवलेला असतो; किंवा एकाने दुसऱ्याचा हात धरून त्याला लिहायला शिकवलेले असते, अथवा दुसऱ्याने हौसेने पहिल्याचे अक्षर उचललेले असते; किंवा पेन धरण्याची तऱ्हा, मनगटाची ठेवण, डावखुरेपणा अशा शारीरिक गोष्टी सारख्या असतात. पुढे दिलेली कृती या वाटा शक्य तितक्या वेगळ्या काढण्यासाठी आहे आणि तिचा सगळा भर एका वजाबाकीवर आहे : शाळेने जे दिले ते आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यात घर शोधायचे.

अक्षरावरून स्वभाव सांगण्याशी या कृतीचा काही संबंध नाही. मृत्युपत्र, खत किंवा कर्जरोखा यांवरून वाद असेल तर यातली एकही पायरी न करता कागद जसाच्या तसा ठेवून हस्ताक्षरतज्ज्ञाकडे जावे.

## १. प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा

‘आमच्या घरात अक्षर सारखे का?’ हा प्रश्न कामाचा नाही, कारण त्याचे उत्तर आधीच गृहीत धरलेले आहे. ‘या वहीतली मधली चाळीस पाने आजीने लिहिली की तिच्या धाकट्या बहिणीने?’ किंवा ‘माझ्या अक्षरातले कोणते विशेष वडिलांकडून आले आणि कोणते शाळेतून?’ असा प्रश्न असावा. पहिल्या प्रकारात लिहिणारा कोण हे ठरवायचे असते आणि तिथे साम्यापेक्षा फरक जास्त मोलाचे असतात. दुसऱ्या प्रकारात लिहिणारे माहीत असतात आणि विशेष कोणत्या वाटेने आला हे शोधायचे असते. दोन्ही प्रश्न एकाच बैठकीत हाताळू नयेत. पुराव्याचे वजन दोन्हीकडे निरनिराळे पडते.

## २. नमुने गोळा करावेत

प्रत्येक व्यक्तीच्या मजकुराची निदान पाच-सहा पाने, तीही वेगवेगळ्या दिवशी लिहिलेली, हाताशी असावीत. कोणताही माणूस एकच शब्द दोनदा तंतोतंत सारखा लिहीत नाही. त्याच्या अक्षराला काही एक पल्ला असतो आणि तो पल्ला एका पानावरून कळत नाही. एकाच सुबक पत्रावर विसंबणाऱ्यांची पहिली चूक हीच असते, कारण सुबक पत्र म्हणजे माणसाचे सर्वांत सावध अक्षर. सावधपणे लिहिताना हात कित्त्याकडे परत जातो. घाईत लिहिलेली यादी, रोजनिशी, समासातली टिपणे, पत्राच्या शेवटी जागा संपत आल्यावर दाटीवाटीने लिहिलेल्या ओळी हे खरे धन होय.

नमुने निवडताना लिपी एकच हवी. वडिलांचे देवनागरी आणि मुलीचे रोमन अक्षर शेजारी ठेवून फारसे काही हाती लागत नाही. लेखणीही शक्यतो एकाच जातीची असावी. टाकाने लिहिलेल्या अक्षराची जाड-बारीक रेघ बॉलपेनच्या अक्षरात कुठून येणार? वयाचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. मूल साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्या वर्षी अधिकची खूण, पाचव्या वर्षाच्या आसपास चौकोन आणि त्यानंतर त्रिकोण काढू लागते. अक्षरेही ते सुरुवातीला लिहीत नसते, काढत असते. प्रत्येक रेघ डोळ्याच्या देखरेखीखाली पुढे सरकते. पुढे काही वर्षांच्या सरावाने हालचाल हाताच्या अंगवळणी पडते, नजर अक्षरावरून मजकुराकडे वळते आणि मग, बहुधा किशोरवयात, माणसाचे स्वतःचे वळण दिसू लागते. म्हणून सात वर्षांच्या मुलाची वही त्याच्या कित्त्याशी जुळते, घराण्याशी नव्हे. तुलनेसाठी प्रौढ वयातले, पण थरथर किंवा आजारपण सुरू होण्यापूर्वीचे अक्षर घ्यावे.

सावधान : सह्या बाजूला ठेवाव्यात. सही ही जाणूनबुजून घडवलेली आकृती असते आणि मुले आईवडिलांची सही पुष्कळदा मुद्दाम गिरवतात. सहीतल्या साम्यावरून वळणाबद्दल काहीही ठरवता येत नाही.

## ३. कागदांना हात लावण्याआधी

मूळ कागदावर पेनाने खूण करणे, चिकटपट्टी लावणे, लॅमिनेशन करणे यांपैकी काहीही करू नये. प्रत्येक पान पट्टी शेजारी ठेवून ६०० डीपीआयला स्कॅन करावे आणि त्याला क्रमांक द्यावा. झेरॉक्सवर काम करू नये. झेरॉक्समध्ये दाब दिसत नाही, फिकट शेपट्या नाहीशा होतात आणि पेन उचलल्याची जागा बुजते. स्कॅनशिवाय प्रत्येक पानाचा आणखी एक फोटो अंधाऱ्या खोलीत, टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून, एका बाजूने पडणाऱ्या तिरक्या उजेडात घ्यावा. दाबून लिहिणाऱ्याच्या रेघांच्या खाचा त्यात स्पष्ट उमटतात.

## ४. कोणाला कोणी शिकवले याचा तक्ता

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. वंशावळ काढून उपयोग नाही. अक्षर रक्तातून उतरत असल्यासारखी ती डोळ्यांपुढे उभी राहते आणि दिशाभूल करते. त्याऐवजी प्रत्येक व्यक्तीच्या नावापुढे पुढील गोष्टी लिहाव्यात : जन्माचे वर्ष, कोणत्या वर्षांत लिहायला शिकली, कोणती लिपी आधी शिकली, पहिली लेखणी कोणती, घरी शेजारी बसून अक्षरे कोणी गिरवून घेतली, डावखुरी असल्यास हात बदलायला लावला का, आणि पुढे कामधंद्यात कोणत्या प्रकारचे लेखन रोज करावे लागले. कारकुनी, शिक्षकी किंवा नकाशे काढण्याच्या कामाने अक्षर प्रौढपणीही बदलते.

पहिल्या लिपीचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण तो नेमका विचारावा. मोडी आधी शिकलेल्या माणसाच्या देवनागरीत अक्षरामागून अक्षर पेन न उचलता जोडण्याची ओढ दिसू शकते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसल्यामुळे वेलांट्यांची सरमिसळही दिसते. हे दोन्ही विशेष दोन भावांत सापडले तर ते भावकीचे लक्षण नव्हे. दोघेही आधी मोडी शिकले होते, एवढेच त्यातून निघते.

तक्त्यात चुलत, मावस, दत्तक, सावत्र, सून, जावई सगळे यावेत. एकाच घरात वाढलेली पण रक्ताची नसलेली व्यक्ती या कामात सर्वांत उपयोगी ठरते, कारण घर आणि रक्त या दोन गोष्टी तिथेच वेगळ्या होतात.

पडताळणी : तक्त्यातला ‘गिरवून कोणी घेतले’ हा रकाना निम्म्याहून जास्त रिकामा असेल तर पुढे जाण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे. हा रकाना अंदाजाने भरू नये.

## ५. कित्ता शोधून वजा करावा

त्या पिढीने जे पाहून अक्षर गिरवले तो कित्ता, अंकलिपी किंवा पाठ्यपुस्तक मिळवावे. ते मिळत नसेल तर त्याच काळात, त्याच शाळेत शिकलेल्या पण नात्यात नसलेल्या तीन-चार जणांचे लेखन मिळवावे. त्या सगळ्यांत जे समान आहे तोच कित्ता. देवनागरीत हे काम तुलनेने सोपे जाते, कारण काही अक्षरांची दोन-दोन रूपे शिकवली गेली आहेत : दंड असलेला आणि नसलेला ‘ल’, ‘श’ची दोन रूपे, ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ यांची जुनी-नवी रूपे, ‘५’, ‘८’ आणि ‘९’ यांची वेगवेगळी वळणे. यांपैकी कोणते रूप माणूस वापरतो ते शाळा आणि काळ ठरवतात. या सर्व अक्षरांची यादी करून ती तुलनेतून सरळ कापून टाकावी.

शाळेचा हात किती खोल जातो याचा ठळक दाखला जर्मनीतला आहे. तिथल्या प्रशिया राज्याच्या शाळांत १९१५ पासून झ्युटरलिन यांनी आखलेली, नेहमीच्या रोमन अक्षरांहून बरीच वेगळी दिसणारी लिपी शिकवली जाऊ लागली आणि १९४१ मध्ये ती बंद झाली. त्यामुळे पाठोपाठच्या दोन पिढ्यांना एकमेकांची पत्रे वाचणेही अवघड गेले. रक्त तेच होते, बदलला होता तो कित्ता.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. माझा आणि वडिलांचा ‘श’ सारखा आहे, डावीकडची गाठ घट्ट वळून खाली लांब शेपटी सोडणारा. घराण्याची खूण म्हणून मी तो अनेक वर्षे कौतुकाने दाखवत असे. पुढे वडिलांच्या वर्गमित्राची काही पत्रे हाती आली आणि त्यांत ओळीओळीला तोच ‘श’ होता, शेपटीसकट. तो त्यांच्या गुरुजींचा ‘श’ होता. वडिलांनी तो शाळेतून आणला आणि मी घरात पाहून उचलला. म्हणजे माझ्यापुरती ती खूण घरची, पण वडिलांच्या मागे जायला ती मुळीच उपयोगाची नाही.

सावधान : वजाबाकी करताना हात आखडता घेऊ नये. लाडके साम्य हातचे जाते म्हणून अक्षर यादीत ठेवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. शंका आली तर अक्षर कापावे.

## ६. आकाराआधी हालचाल पाहावी

उरलेल्या अक्षरांकडे आता दहापट मोठे करणाऱ्या भिंगातून किंवा मोठ्या केलेल्या स्कॅनवर पाहावे. पाहण्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा आणि तो मोडू नये, कारण आकार आधी पाहिला की तो मनात घर करतो आणि हालचाल दिसेनाशी होते.

पहिल्यांदा रेघेची दिशा आणि क्रम. आकार डोळ्याला दिसतो म्हणून तो गिरवता येतो. हालचाल मात्र तयार अक्षरात लपलेली असते आणि ती बहुतांशी लिहिणाऱ्याच्या शेजारी बसून किंवा त्याच्या हातात हात देऊनच शिकली जाते. म्हणून घराचा माग काढायला ती आकारापेक्षा भरवशाची आहे, असे माझे मत आहे. याला अपवाद आहे : काही शाळा हालचालही शिकवतात. अमेरिकेतल्या पामर पद्धतीत बोटांऐवजी कोपरापासूनचा हात हलवून लिहायला लावत असत. तसे शिक्षण झाले असेल तर त्याची नोंद तक्त्यात हवी.

दिशा ओळखण्याच्या खुणा अशा. शाईच्या पेनाने रेघ सुरू होते तिथे ती बोथट आणि भरीव असते, आणि पेन उचलता उचलता संपते तिथे निमुळती होते. बॉलपेनची रेघ वळणावर असते तेव्हा तिच्यात शाई न लागलेल्या बारीक पांढऱ्या चिरा दिसतात; त्या लेखनाच्या दिशेने जाताना वळणाच्या आतल्या अंगाकडून बाहेरच्या अंगाकडे सरकतात. वळण संपल्यावर शाईचा छोटा गोळाही कधीकधी पडलेला असतो. ‘४’ हा अंक डावीकडून उतरत उजवीकडे चढवला की उजवीकडून डावीकडे, हे त्याच्या दोन टोकांवरून सहसा कळते. ‘क’चा दंड आधी काढला की गाठ, हे मात्र रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथून ठरवू नये, वरची शाई कोणती हे भिंगातून फसवे दिसते. त्यासाठी दोन भागांना जोडणारा बारीक धागा शोधावा, आणि तो नसेल तर ‘अनिश्चित’ लिहावे.

शिरोरेषेला इथे स्वतंत्र वेळ द्यावा. ती प्रत्येक अक्षरावर वेगळी दिली आहे, शब्द पूर्ण झाल्यावर एकदम ओढली आहे की दिलीच नाही. शब्दाच्या शेवटच्या अक्षरापुढे किती बाहेर येते. ओळीगणिक वर चढते का, या गोष्टी लिहिणाऱ्याच्या लक्षातही नसतात. मी उजव्या हाताने लिहितो, पण शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढतो. शाईपेनाने लिहिलेल्या माझ्या पानावर प्रत्येक शब्दाच्या रेघेचे उजवे टोक जाड आणि डावे टोक केसासारखे दिसते. शाळेतल्या कोणी हे शिकवले नव्हते. आई जन्मतः डावखुरी, तिला लहानपणी हात बदलायला लावलेला. तिने अक्षरे उजव्या हाताने लिहिली, पण आडव्या रेघेची तिची दिशा बदलली नाही. पाटीवर माझा हात धरून तिने ज्या रेघा ओढून घेतल्या त्यांच्याबरोबर ती दिशा माझ्याकडे आली. तिचे आणि माझे अक्षर शेजारी ठेवले तर दोन्ही एका घरातली आहेत असे कोणी म्हणणार नाही.

मग प्रमाण. अक्षराची उंची मिलिमीटरमध्ये मोजत बसू नये. कागद, जागा आणि चष्मा यांनुसार ती बदलते. काना अक्षराच्या किती पट, उकार ओळीखाली किती उतरतो, ‘ळ’च्या दोन वाटोळ्यांपैकी कोणते मोठे, अशी परस्परांशी असलेली प्रमाणे घ्यावीत. लेखणी धरणारे अवयव बदलले तरी वळण टिकून राहते. मार्क रेबर्ट या अमेरिकी संशोधकाने १९७७ मध्ये एकच वाक्य उजव्या हाताने, डाव्या हाताने, दातांत पेन धरून आणि पायाला पेन बांधून लिहून दाखवले होते. रेघा थरथरल्या, पण लिहिणारा एकच असल्याचे दिसत राहिले.

त्यानंतर जोडकाम. अनुस्वार टिंब आहे, तिरकी फटकारणी आहे की छोटे पोकळ वर्तुळ. तो अक्षराच्या डोक्यावर आहे की पुढच्या अक्षरावर सरकला आहे. रफार कुठून उचलला आहे. पहिली वेलांटी अक्षराआधी काढली आहे की नंतर. ‘द्ध’, ‘ह्य’, ‘ष्ट’ यांसारखी जोडाक्षरे एकाखाली एक आहेत की आडवी फोडली आहेत. यांतली शेवटची बाब पुन्हा एकदा कित्त्याशी ताडून पाहावी.

समास, ओळींमधले अंतर आणि दाब सर्वांत शेवटी पाहावेत. त्यांना वजनही सर्वांत कमी द्यावे.

पडताळणी : प्रत्येक विशेष किती वेळा आला ते मोजून लिहावे. ‘अनुस्वार पुढे सरकतो’ असे लिहू नये. ‘५० पैकी ४३ वेळा सरकतो’ असे लिहावे. तीनदा दिसलेली गोष्ट म्हणजे सवय नव्हे.

## ७. हयात व्यक्तींचे लेखन डोळ्यांसमोर घ्यावे

ज्यांना लिहायला सांगता येते त्यांच्या बाबतीत रेघेची दिशा अंदाजाने का ठरवावी? मोबाइल वरून, थोडा बाजूने धरून हाताचे चित्रण करावे. मजकूर समोर ठेवून उतरवून घ्यायला सांगू नये. छापील अक्षर समोर असले की हात त्याच्याकडे झुकतो. मजकूर तोंडी सांगावा, वेग थोडा वाढवत न्यावा, प्रत्येक पान झाल्यावर ते उचलून घ्यावे आणि तोच मजकूर वेगळ्या दिवशी पुन्हा लिहून घ्यावा. चित्रणाला व्यक्तीची परवानगी आधी घ्यावी, पण कोणते अक्षर पाहायचे आहे ते सांगू नये. ‘तुमचा ‘श’ बघायचाय’ असे म्हटले की तो ‘श’ त्या दिवसापुरता संपला.

पेन धरण्याची पद्धत या चित्रणातच नोंदवावी : अंगठा पेनावर टेकतो की त्याला वेढा घालतो, पेन मधल्या बोटाच्या कडेवर आहे की चौथ्या, मनगट ओळीखाली आहे की वर वाकलेले. पकड सारखी असेल तर अक्षराचा कल आणि दाब यांतले बरेचसे साम्य तिच्या खाती जाते आणि ते दुसऱ्यांदा मोजू नये.

## ८. परके नमुने मिसळून नावे झाकावीत

आता नात्याबाहेरच्या, पण त्याच पिढीतल्या आणि शक्यतो त्याच शाळेतल्या निदान तेवढ्याच लोकांचे नमुने घ्यावेत. नावे, तारखा आणि ओळख पटवणारा मजकूर झाकून सर्व नमुन्यांचे समान लांबीचे तुकडे छापावेत आणि क्रमांक देऊन पिसावेत. या कामाशी संबंध नसलेल्या दोन माणसांना, एकमेकांशी न बोलता, जुळणाऱ्या तुकड्यांचे गट करायला सांगावे. स्वतः करू नये; आपण आईचे अक्षर विसरू शकत नाही.

परक्या माणसाचे अक्षर घरातल्या गटात जाऊन बसले तर ज्या विशेषामुळे ते तिथे गेले तो विशेष घरचा नाही. हा निकाल बहुतेकांना आवडत नाही आणि मग चाचणीच चुकली असे ठरवले जाते. चाचणी पुन्हा करायला हरकत नाही, फक्त नमुने तेच ठेवून माणसे बदलावीत. माणसे तीच ठेवून नमुने बदलू नयेत.

## ९. निष्कर्ष लिहिताना

प्रत्येक विशेषासाठी वेगळी ओळ लिहावी आणि तिच्यापुढे शाळा, घर, शरीर किंवा अनिश्चित यांपैकी एकच शब्द टाकावा. अनिश्चितांची संख्या सर्वांत मोठी निघेल, आणि ते ठीक आहे. घर आणि रक्त यांचा भेद सांगायचा असेल तर तक्त्यातल्या दत्तक, सावत्र किंवा दुसऱ्या घरी वाढलेल्या व्यक्तीचा नमुना त्या ओळीत असलाच पाहिजे. तो नसेल तर ‘घर’ एवढेच लिहावे.

लिहिणारा कोण हा प्रश्न असेल तर नियम वेगळा लागतो. वीस साम्ये असूनही एक ठाम फरक, जो प्रत्येक पानावर येतो आणि ज्याला घाई, लेखणी, वय किंवा आजारपण यांपैकी कोणतेही कारण देता येत नाही, तो त्या वीसांवर मात करतो. बहिणींच्या बाबतीत हे विशेष जपावे, कारण एकाच घरात, एकाच शाळेत, दोन-तीन वर्षांच्या अंतराने शिकलेल्या बहिणींची अक्षरे परक्यांना एकच वाटतात. अशा वेळी आधी अंकांकडे वळावे. हिशेब लिहिताना माणूस अक्षराचा विचार करत नाही आणि ‘२’चा पाय किंवा ‘७’चे वळण सुबक करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

निष्कर्षाच्या कागदावर तारीख, पाहिलेल्या पानांचे क्रमांक आणि वगळलेल्या अक्षरांची यादी लिहावी, आणि तो कागद मूळ पत्रांबरोबर पण वेगळ्या पाकिटात ठेवावा. पुढे आणखी एखादी वही सापडलीच, तर आधी जुना निष्कर्ष न वाचता तिच्यावर पायरी सहा करावी आणि मगच पाकीट उघडावे.